नाव न घ्यायचा पाला

निवळीकोंडात कुणाची मान धरली, कंबर लचकली, खांदा आखडला की तो आवडाबाईकडे जातो आणि आवडाबाई त्याला पाला देते. कुठला पाला, ते ती सांगत नाही. ओढ्याच्या काठाला, मसणवट्याच्या अलीकडे, माणसाहून जरा उंच अशी झुडपं आहेत. हाताच्या बोटांसारखी पाच-पाच पानं, मागून पांढुरकी. चुरगळली की नाकात जाणारा वास, आणि वर निळसर जांभळे बारीक तुरे. शेळीसुद्धा तोंड लावत नाही म्हणून अर्ध्या गावानं कुंपणाला तीच लावली आहेत. आवडाबाई तिथं जाते, पाला खुडते, पदरात घेऊन येते, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. झाड कुठलं ते शाळेतलं पोर सांगेल. पण आवडाबाईच्या तोंडून त्याचं नाव निघायचं नाही. देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या घरातल्या कुणी नाव घेतलं की पाल्याचा गुण जातो, असं तिची आई सांगायची, आणि आईला तिची आई.

घेणाऱ्यालाही एक नियम. पाला चालू असेल तोवर दुसरं औषध नाही. डॉक्टरचं नाही, वैद्याचं नाही, मुंबईहून आलेल्या भाच्यानं दिलेलं मलमसुद्धा नाही. एका अंगात दोन औषधं भांडतात.

कुणाला हसू येईल. येऊ दे. ज्याला सकाळी अंथरुणावरून उठताना भिंत धरावी लागलेली नाही त्यानं खुशाल हसावं.

तिसरा नियम मात्र आवडाबाईचा स्वतःचा. ती बौद्धवाडीतली. तिच्या आईच्या वेळेला वरच्या आळीतली माणसं मागच्या दारानं यायची, पडवीत पालथी पडून शेकून घ्यायची आणि पाण्याचा तांब्या पुढं केला की "आत्ताच पिऊन आलो" म्हणायची. पाठ धरली की जात सुटायची, पाठ सुटली की जात धरायची. आईनं ते गिळलं. आवडाबाई गिळणारी बाई नव्हती. आईच्या माघारी पाला तिच्याकडे आला तसा तिनं पुढचा दरवाजा उघडा ठेवला आणि सांगून टाकलं, आधी चहा, मग पाला. तिच्या घरचा, तिच्या कपातला. वरच्या आळीतले एक बडे प्रस्थ कंबर धरून आले आणि म्हणाले, "चहा मला झेपत न्हाय गं." आवडाबाई म्हणाली, "पोटात माझा चहा जात न्हाय, तर पाठीत माझा हात कसा जाईल?" ते वाकडेच परत गेले. आठवड्यानं आले आणि दोन कप प्यायले.

बाबाजी मात्र चहा मागून घेणारा. तोही वरच्या आळीतलाच, कुणब्याचा. भातशेती जेमतेम, खरी कमाई श्रीवर्धनच्या बागायती वाड्यांत. पोफळीवर चढून सुपारीचे घड उतरवायचे, हे त्याचं काम. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता. एका पोफळीचे घड काढून झाले की खाली उतरायचं नाही. शेंड्याशी बसून झाडालाच झोका द्यायचा, दुसरी पोफळ हाताशी आली की ती धरायची आणि पहिली सोडून द्यायची. खालून बघणारा आपोआप बाजूला सरकतो. वरच्याचं सगळं आयुष्य दोन पंजांत असतं.

त्या हंगामात बाबाजीची पाठ उजव्या खवाट्याखाली, फऱ्याच्या हाडाशी धरली. हात वर जाईना. तो आवडाबाईकडे आला, चहा प्यायला, आणि पडवीत पालथा पडला.

"मावशे, या साली सगळ्या वाड्या माझ्याच बोकांडी हायत. हात वर न्या माझा कसाबी."

"हात वर नेयाला मी काय झेंडावंदन करत्ये? गप पड."

तिनं रोजचंच सगळं केलं. मडक्यात पाला उकळला, घोंगडी टाकून वाफारा दिला. मग तव्यावर पानं परतून जुन्या लुगड्याच्या फडक्यात त्यांची पुरचुंडी बांधली आणि ऊन ऊन पाठीवर दाबत राहिली. खवाट्याखाली गाठ लागत होती, सुपारीएवढी. ती हळूहळू विरघळत गेल्याचं तिच्या अंगठ्याला कळलं. अंगठ्याला कळतं ते तिला कुणाला सांगता आलेलं नाही. वरून एरंडाचं तेल चोळलं, आणि शेवटी त्याच पाल्याचा आणि एरंडमुळाचा काढा, अर्धा कप.

एवढं झालं की ती एक वाक्य बोलते. दर वेळेला बोलते. "शेकलेलं अंग सैल असतं. आज वारा घ्यायचा न्हाय, गार पाणी घ्यायचं न्हाय, आणि चढायचं न्हाय." मोटरसायकलवाल्याला "चढायचं"च्या जागी "चालवायची न्हाय", ओझं वाहणारीला "उचलायचं न्हाय."

त्या दिवशी काढा देत असताना थळहून तिच्या बहिणीचा फोन आला. नातीचं लग्न ठरत होतं, मुलगा खतकारखान्यात लागलेला, ती आनंदानं ओरडून बोलत होती. फोनला आत रेंज नाही म्हणून आवडाबाई अंगणात गेली. परत आली तेव्हा बाबाजी सदरा घालून निघाला होता. ती त्याच्याशी काहीतरी बोलली. काय बोलली?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबाजी पोफळीवरून पडला.

बातमी घेऊन आला तो तिचा लेक सम्यक, रिक्षावाला. झोका घेताना दुसऱ्या पोफळीवरचा बाबाजीचा हात सुटला. खाली पाण्याचा पाट होता, चिखल होता, म्हणून जीव वाचला. मांडीचं हाड मोडलं होतं. श्रीवर्धनहून माणगावला नेलं होतं.

आवडाबाईनं पहिलं विचारलं ते भलतंच. "कुठला हात?"

"मला काय ठाऊक, आई! मी काय झाडाखाली उभा होतो?"

"उजवा असंल," ती म्हणाली आणि खाली बसली.

मग ते सुरू झालं. सांगितलं होतं की नव्हतं? ती डोळे मिटून तो प्रसंग आठवायची. बाबाजी सदऱ्याची बटणं लावतोय, ती दारात उभी, हातात फोन, आणि तिचे स्वतःचे ओठ हलताहेत: "चढायचं न्हाय." स्पष्ट ऐकू यायचं. पण मग लक्षात यायचं की हे तर गेल्या साली तो मान धरून आला होता तेव्हाचं. की तेव्हा ती दारात नव्हती, चुलीशी होती? एवढ्या माणसांना एवढ्या वेळा सांगितलेलं वाक्य. त्यातलं नेमकं त्या दिवशीचं वेगळं काढायचं तर कुठून धरायचं?

आणि सांगितलं नसलं तरी काय? सांगायची मनाई "आज"ची. तो पडला दुसऱ्या दिवशी. एका रात्रीत अंग घट्ट होतं की नाही? आईनं "आज" म्हणून ठेवलं, आईला तरी कुणी मोजून दिलं होतं? आईकडे येणारे लोक नांगर धरणारे. पोफळीवर झोके घेणारा त्यांत कुणी नव्हता.

गावाला तर तोंडच फुटलं. वरच्या आळीत म्हणाले, बौद्धवाडीतल्या बाईनं त्याचं अंग लुळं केलं. ज्यांनी तिच्या कपातला चहा पिऊन कंबर सरळ करून घेतली होती तेच म्हणाले. बौद्धवाडीत म्हणाले, दुसऱ्याच्या दुखण्यात हात घालायचाच कशाला, हे असं होणारच. कुणी म्हणालं, पोफळच किडकी होती. कुणी म्हणालं, बाबाजी पिऊन चढला होता. बाबाजी दारूला शिवत नाही हे सांगणाऱ्यालाही माहीत होतं. आवडाबाई दोन्ही आळ्यांत जाऊन भांडून आली. भांडताना तिला वाटत होतं आपला काही दोष नाही. घरी येऊन भांडी घासताना वाटायचं, आहे.

शेवटी तिनं स्वतःवरच करून बघितलं. पाला उकळला, स्वतःच्या उजव्या हाताला वाफारा घेतला, शेकला, चोळला, काढा प्यायली. मग पडवीचा खांब मिठी मारून धरला आणि पाय उचलून लोंबकळायला लागली. सम्यक रिक्षा लावून आत येतो तर आई खांबाला.

"आई! हे काय चाललंय?"

"बघत्ये पकड सुटते का."

"साठीची झालीस. तुझी पकड औषध न घेताही सुटंल."

तेवढ्यात सुटलीच. ती बुडावर आपटली. आता ती पाल्यानं सुटली, वयानं सुटली, की सम्यक बोलला म्हणून, हे कोण सांगणार? पाला न घेता आधी एकदा लटकून बघायला हवं होतं, हे खाली बसल्यावर सुचलं.

सम्यक रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर बरंच वाचतो. तो म्हणाला, "आई, पाल्यात रसायन असतं. सूज उतरवतं, दुखणं कमी करतं, आखडलेलं सैल करतं. उंदरांवर करून बघितलंय लोकांनी."

"मग उंदीर पडला का झाडावरून?"

सम्यकनं मोबाइल खिशात घातला.

आणि मग माणगावहून कल्पिताचा फोन आला. कल्पिता बाबाजीची बायको. एरवी चढ्या आवाजाची, पण फोनवर ती कुजबुजत होती.

"मावशे, तुमी येता का हितं? मांडीत सळई घालायची हाय. भूल देणारे डॉक्टर इचारतात, आधी पोटात काय काय गेलं. मी बोलून बसले, झाडपाल्याचा काढा घेतलाय. आता ते म्हणतात कसला झाडपाला, नाव सांगा. मी कशी सांगू? गुण जाईल ना. तुमीच काय ते बघा."

"कालपरवा दिला तेवढाच काढा. त्याचं काय आता?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग कल्पिता म्हणाली, "तेवढाच न्हाय. गेल्या खेपेला तुमी घरी घेयाला मुळ्या नि पाला दिलेला, तो ह्यांनी उरवून ठेवलेला. रोज करून घेत होते. लवकर बरं वाटावं म्हणून. पडले त्या सकाळी पण. आणि मावशे, रागवू नका, डॉक्टरच्या गोळ्या पण चालू होत्या."

"कुठल्या गोळ्या?"

"पाठीच्याच. अंग सैल पडायच्या. तुमाला सांगितलं तर तुमी पाला द्यायच्या न्हाय, नि डॉक्टरला पाल्याचं सांगितलं तर ते वराडतात. म्हणून ह्यांनी कुणालाच सांगितलं न्हाय."

आवडाबाईला आधी राग आला, मग सुटल्यासारखं वाटलं, आणि मग सुटल्यासारखं वाटल्याचाच राग आला. गोळ्यांनी पडला तर मग! पण नुसत्या गोळ्यांनी की गोळ्या आणि काढा एक झाले म्हणून? आणि त्यानं लपवलं ते कुणामुळं? दुसरं औषध नाही, हा नियम कुणाचा? तिनं तो घरात देव्हारा नसताना देवासारखा पाळला होता. माणसं नियम पाळत नाहीत, नियमाला चुकवतात, हे तिच्यासारख्या बाईच्या लक्षात येऊ नये? चहा न पिणारे चहा पिऊन वर्षानुवर्षं घरी जाऊन चूळ भरत असतील, हेही मग तिला तिथंच सुचलं.

तिनं सम्यकला रिक्षा काढायला लावली. वाटेत ओढ्याशी थांबून तिनं एक फांदी तोडली आणि पिशवीत घातली. रस्ताभर ती एकच हिशेब करत होती: नाव न घेता नुसती फांदी दाखवली तर चालेल. डॉक्टर शिकलेला आहे, तोच ओळखेल, त्यानंच नाव घ्यावं. आपल्या तोंडून गेलं नाही म्हणजे झालं.

माणगावच्या इस्पितळातला हाडांचा डॉक्टर तरुण होता, लातूरकडचा. आवडाबाईनं टेबलावर फांदी ठेवली आणि हाताची घडी घातली.

"हे काय?"

"हाच पाला. बघा नि काय ते समजा."

डॉक्टरनं फांदी उलटसुलट केली. "मावशी, आम्ही झाडं शिकत नाही." त्यानं खिशातून मोबाइल काढला, पानाचा फोटो घेतला, मोबाइलनं सांगितलं ते वाचलं, मान हलवली, दुसऱ्या बाजूनं फोटो घेतला. "आधी म्हणतोय एक, आता म्हणतोय दुसरंच. दुसरं असेल तर मग कठीण आहे. ते पोटात घेत नाहीत."

"तिसऱ्यांदा काढा," सम्यक म्हणाला.

तिसऱ्यांदा मोबाइलनं गांजा सांगितला.

डॉक्टरनं मान वर करून आवडाबाईकडे बघितलं. सम्यकला हसू फुटलं आणि आईचा चेहरा बघून जागच्या जागी विझलं.

"अवो, गांजा देईन मी? माझ्या घराला पुढचा दरवाजा हाय!"

"मावशी, मी तुमच्यावर काही आरोप करत नाही. आत माणूस झोपलाय. त्याला भूल द्यायची आहे. काय गेलंय ते कळलं तर आमचे भूलवाले डॉक्टर औषध त्या बेतानं देतील, किंवा एखादा दिवस थांबतील. नाही कळलं तर अंदाजानं द्यावं लागेल. बस, एवढंच आहे."

दारात कल्पिता उभी होती, पदर तोंडाशी. तिच्या नजरेत "सांगा" होतं आणि "सांगू नका"ही होतं. बाबाजीला पुढं लागणार पाला, महिनेच्या महिने. त्याचाच गुण गेला तर?

आवडाबाईनं आईला आठवून बघितलं. आई काही बोलली नाही. मेलेली माणसं नियम देऊन जातात आणि अडचणीच्या वेळेला गप्प बसतात.

"निर्गुडी," ती म्हणाली. जरा जोरातच म्हणाली, एकदा सुटलंच आहे तर नीट सुटू दे. "निर्गुडीचा पाला. नि एरंडाचं मूळ. बाकी काय न्हाय त्यात."

काही झालं नाही. पंखा फिरत होता. डॉक्टरनं ते लिहून घेतलं आणि म्हणाला, "हां, निर्गुडी. तेल मिळतं की तिचं. आमची आजी लावायची."

या माणसाच्या आजीला ठाऊक होतं, दुकानात तेल मिळतं, बाटलीवर नाव छापलेलं असतं, आणि तरी ते लोक विकत घेतात. म्हणजे नाव छापलेल्या तेलाला गुण असतो? की नसतो आणि लोक फसतात? आवडाबाईनं विचारायचं ते वेगळंच विचारलं.

"तो पाल्यानं पडला का गोळ्यांनी?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाय म्हणजे? तुमी शिकलेले ना?"

"शिकलोय म्हणून म्हणतोय. त्या गोळ्यांनी सुस्ती येते, हातपाय ढिले वाटतात; काहींना वाटतात, काहींना नाही. वरच्या शेकानं कुणी पडत नाही. काढा रोज पोटात गेला, त्याचं आणि गोळ्यांचं एकत्र काय होतं, कुणी नीट बघितलेलं मला माहीत नाही. शिवाय तो दुखऱ्या खांद्यानं पोफळीवर चढला होता, मावशी. दुखरा खांदाच पुरेसा आहे."

त्यांनी एक दिवस थांबून सळई घातली. सगळं ठीक झालं. थांबले म्हणून ठीक झालं की न थांबताही झालं असतं, हे तिनं विचारायचं सोडून दिलं.

बाबाजी घरी आल्यावर आवडाबाई वरच्या आळीत गेली ती पुढच्या दारानं. तो खाटेवर पडलेला, दाढी वाढलेली.

"मावशे, पडून पडून पाठीचं लाकूड झालंय. डॉक्टर बोलले, पाठीला शेक चालंल. मांडीला हात लावायचा न्हाय, पोटात काय द्यायचं न्हाय."

"आधी मला एक सांग. त्या दिवशी मी तुला बोलले का, चढायचं न्हाय म्हणून?"

"बोललात की. तुमी नेमीच बोलता."

"नेमीचं न्हाय इचारत. त्या दिवशी?"

बाबाजीनं आढ्याकडे बघितलं. "त्या दिवशी... तुमी फोनवर होता. न्हाय, फोन ठेवला होता. बोललात बहुतेक." मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं घाईनं जोडलं, "बोललात, मावशे. आता आठवलं. पक्कं."

ते ऐकून तिला काहीच बरं वाटलं नाही.

"नि हात कसा सुटला?"

"तेच तर. सुटला म्हणजे मी सोडलाच असं वाटलं मला. धरलेली पोफळ समोर होती, आणि मग न्हवती."

कल्पितानं चहा आणला. आवडाबाईनं तो घेतला, प्यायली. मग चुलीवर तवा ठेवला, पानं परतली, पुरचुंडी बांधली. दोघींनी मिळून बाबाजीला जपून कुशीवर वळवलं. पाठीवर हात ठेवताना तिचा अंगठा क्षणभर थबकला. आजवर त्या अंगठ्याला कधी विचारावं लागलं नव्हतं. ती दाबत राहिली, सरकवत राहिली. खवाट्याखाली ती जुनी गाठ होती, आणि तिच्याखाली नवी.

"उतरतंय का?"

"व्हय... उतरतंय," बाबाजी म्हणाला. हे खरं असेल, किंवा तिला बरं वाटावं म्हणून असेल. हाच माणूस दोन औषधं घेऊन दोघांनाही काही न सांगणारा.

थोड्या वेळानं त्याचा श्वास जड झाला. तो झोपला. अंगठ्याखालची गाठ मऊ पडली होती, खरोखर मऊ, तिची खात्री होती. बऱ्याच दिवसांत कसलीच खात्री नव्हती, म्हणून ती तिथंच अंगठा ठेवून बसली.

कल्पिता हळूच म्हणाली, "मावशे, मघाशी गोळी पण घेतलीय त्यांनी. डॉक्टरनी दिलेली. सांगून ठेवत्ये."

"कुठली?"

"झोपेची का दुखण्याची, ठाव न्हाय. दोन हायत."

आवडाबाई चिडायला उठली आणि चिडली नाही. बाईनं सांगितलं तरी. "पाकीट आण," ती म्हणाली, "नि सम्यकला फोन लाव. त्याला वाचायला सांग, ह्याच्याबरोबर निर्गुडीचा शेक चालतो का."

नाव पुन्हा तोंडातून गेलं होतं, दुसऱ्यांदा, आणि या वेळेला कुणी मागितलंही नव्हतं. तिनं पाठीवर हात ठेवून बघितलं. पाठ तशीच मऊ होती. पाल्यानं, गोळीनं, की माणूस थकला होता म्हणून, ते पाठीला विचारून कळणार नव्हतं. पुरचुंडी निवत आली होती. आतून कल्पिताचा फोनवरचा आवाज येत होता, गोळीचं नाव ती अक्षर अक्षर लावून सांगत होती. ते सांगून होऊन सम्यकचं उत्तर येईपर्यंत आवडाबाईनं तवा पुन्हा तापवला नाही. हात तेवढा पाठीवर ठेवला.